आरोपी की निरोप्या? : आतड्यांच्या दाहक विकारांतील सायटोकाइन प्रथिनांच्या शोधाचा इतिहास

गोषवारा

आतड्यांच्या दाहक विकारांचे कारण शोधताना वैद्यकशास्त्राने गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत अनेकांवर ठपका ठेवला. विष, जंतू, रुग्णाचा स्वभाव आणि शेवटी प्रतिकारसंस्थेतील संदेशवाहक प्रथिने असा हा क्रम आहे. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ (टीएनएफ) या प्रथिनाची कथा केंद्रस्थानी ठेवली आहे. ही प्रथिने दाहाची एकमेव कारणे नसून पेशींमधील संवादाची साधने आहेत, हे उपचारांच्या यशाइतकेच त्यांच्या अपयशानेही सिद्ध केले, असे प्रतिपादन येथे केले आहे. क्षयरोगाच्या संदर्भामुळे भारतासाठी या इतिहासाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

बीजशब्द : क्रोनचा विकार, व्रणयुक्त बृहदांत्रदाह, सायटोकाइन, टीएनएफ, इंटरल्यूकिन, क्षयरोग, वैद्यकाचा इतिहास.

प्रस्तावना

आतड्यांचे दाहक विकार ही संज्ञा मुख्यतः दोन दीर्घकालीन रोगांसाठी वापरली जाते. व्रणयुक्त बृहदांत्रदाह मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असतो. क्रोनचा विकार मात्र पचनमार्गात कोठेही उद्भवू शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरतो. वारंवार होणारे जुलाब, शौचावाटे रक्त पडणे, पोटदुखी आणि वजन घटणे ही त्यांची सामान्य लक्षणे होत. हे रोग बहुधा ऐन तारुण्यात गाठतात आणि आयुष्यभर साथ सोडत नाहीत.

या दाहाच्या मुळाशी असणाऱ्या घटकांत सायटोकाइन प्रथिनांचे स्थान महत्त्वाचे आहे. एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेला निरोप, असे सायटोकाइनचे सोपे वर्णन करता येईल. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स व जीन लिंडेनमान यांनी इंटरफेरॉनचा शोध लावला. १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायटोकाइन’ हा शब्द सुचविला आणि १९७९ मध्ये ‘इंटरल्यूकिन’ ही संज्ञा रूढ झाली. म्हणजे ज्या परिभाषेत आज या रोगांची चर्चा होते ती परिभाषा रोगांच्या पहिल्या नोंदींपेक्षा सुमारे शतकभराने लहान आहे.

उद्दिष्टे

१. आतड्यांच्या दाहक विकारांच्या कारणमीमांसेत झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार मागोवा घेणे.
२. टीएनएफ व इंटरल्यूकिने यांच्या शोधाचा आणि त्यांवर आधारित उपचारांचा परस्परसंबंध तपासणे.
३. या इतिहासाचा भारतीय परिस्थितीशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

न्यायालयात पोहोचलेला रोग

या रोगाच्या इतिहासाचे एक आरंभीचे पान एका खून खटल्यातील आहे. १८५९ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये इझाबेला बँक्स या स्त्रीचा सततच्या जुलाबांनी व उलट्यांनी मृत्यू झाला. तिच्याशी विवाह करणारे डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप ठेवण्यात आला. विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांना नमुन्यात सोमल आढळला होता. परंतु तो अंश चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आला असल्याचे पुढे उघड झाले. तरीही ज्यूरीने स्मेथर्स्ट यांना दोषी ठरविले व त्यांना फाशीची शिक्षा झाली. वैद्यकीय पुराव्याविषयी शंका उपस्थित झाल्यानंतर सर बेंजामिन ब्रोडी यांचे मत मागविण्यात आले आणि शिक्षा माफ करण्यात आली.

लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील सॅम्युएल विल्क्स यांनी या स्त्रीच्या आतड्यांचे वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केले. व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या आद्य वर्णनांत त्याची गणना होते. लहान आतड्याच्या अखेरच्या भागातही दाह असल्याची नोंद त्यात असल्याने तो क्रोनचा विकार असावा, असे मत नंतरच्या अभ्यासकांनी मांडले. आतड्याची झीज कोणीतरी बाहेरून घडविली असली पाहिजे, या समजुतीवर एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता. आतड्याला इजा करणारी शक्ती शरीरातच असू शकते, हा विचार त्या काळाच्या आवाक्याबाहेरचा होता.

नामकरण आणि जंतूचा शोध

जंतुशास्त्राच्या उदयानंतर संशयाची सुई जंतूंकडे वळली. १९१३ साली ग्लासगोचे शल्यविशारद टी. केनेडी डॅलझिएल यांनी आतड्यांच्या जीर्ण दाहाचे रुग्ण नोंदविले आणि गुरांना होणाऱ्या योनेच्या रोगाशी त्याचे साम्य दाखविले. योनेचा रोग क्षयजंतूच्या कुळातील एका जंतूमुळे होतो. क्षयाशी असलेले हे नाते पुढे निराळ्या रूपात पुन्हा समोर येणार होते.

१९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी चौदा रुग्णांच्या आधारे या रोगाला आतड्याच्या क्षयापासून वेगळे केले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्याने रोगाला क्रोन यांचे नाव लाभले. याच रोगाचे वर्णन पोलंडमध्ये अँटोनी लेश्नियोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते. नाव मिळाले, तरी कारण मिळाले नव्हते. क्षयासारखा दिसणारा, पण क्षयाचा जंतू न सापडणारा रोग, अशी त्याची नकारात्मक ओळख होती.

रुग्णाच्या स्वभावावर ठपका

जंतू सापडेना, तेव्हा लक्ष रुग्णाच्या मनाकडे गेले. १९३० साली सेसिल मरे यांनी बृहदांत्रदाहामागे मानसिक संघर्ष असल्याचे प्रतिपादन केले. १९५० मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या ‘सायकोसोमॅटिक मेडिसिन’ या ग्रंथातून मनोकायिक मानलेल्या सात रोगांचा विचार पुढे आला आणि त्यांत या रोगाचा समावेश होता. परावलंबी, आईला चिकटलेला, राग गिळणारा अशी रुग्णाची प्रतिमा त्या काळातील वैद्यकीय लिखाणात वारंवार आढळते. ताणामुळे रोग बळावू शकतो, ही गोष्ट वेगळी. परंतु रोगाचे मूळच रुग्णाच्या घडणीत शोधल्यामुळे शारीरिक यातनांच्या जोडीला अपराधी भावनेचे ओझेही त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला आले.

या मताला आव्हान वादविवादातून मिळाले नाही, ते औषधांमधून मिळाले. स्वीडनमध्ये नाना श्वार्ट्स यांनी सांधेदाहासाठी तयार केलेले सल्फासालाझिन हे औषध बृहदांत्रदाहावर उपयोगी ठरले. १९५५ मध्ये ऑक्सफर्डचे सिडनी ट्रुलव्ह व लेस्ली विट्स यांनी २१० रुग्णांवरील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉर्टिझोन घेतलेल्या गटात सुमारे ४१ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. दाह शमविणाऱ्या संप्रेरकाने आतडे सुधारते, तर मूळ प्रश्न दाहाचा आहे, हे यातून सूचित झाले. १९५९ मध्ये स्टॉकहोम येथे ओ. ब्रोबर्गर व पेटर पर्लमान यांना रुग्ण मुलांच्या रक्तात मोठ्या आतड्याच्या घटकांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. ती रोगाचे कारण ठरली नाहीत, परंतु अभ्यासकांची नजर प्रतिकारसंस्थेकडे वळली.

कर्करोगाच्या शोधात सापडलेले प्रथिन

टीएनएफचा शोध आतड्यांच्या अभ्यासातून लागलेला नाही. १८९१ पासून न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली कर्करोगाच्या रुग्णांना जिवंत व नंतर मृत जंतू टोचत असत, कारण तीव्र जंतुसंसर्गानंतर काही गाठी विरघळल्याची उदाहरणे त्यांना ठाऊक होती. या निरीक्षणामागील रासायनिक दुवा १९७५ साली त्याच शहरातील स्लोन-केटरिंग संस्थेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड व सहकाऱ्यांनी हुडकला. क्षयप्रतिबंधक बीसीजी लशीतील जंतूंचा संसर्ग दिलेल्या उंदरांना जंतुविष टोचल्यावर त्यांच्या रक्तद्रवात गाठीची ऊती मारणारा घटक तयार होतो, असे त्यांना दिसले. गाठीची ऊती मारणारा म्हणून त्याचे नाव ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’. या प्रथिनाच्या जन्मकथेतच क्षयाच्या लशीतील जंतू उपस्थित होता, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कर्करोगावरील रामबाण औषध म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. १९८४ मध्ये त्याच्या जनुकाचे क्लोनिंग झाले. मात्र रुग्णांना ते दिल्यावर ताप, थरथर आणि रक्तदाब घसरणे असे गंभीर परिणाम दिसू लागले. याच सुमारास रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस ब्यूटलर व अँथनी सेरामी दीर्घ आजारात शरीर खंगविणाऱ्या ‘कॅकेक्टिन’ नावाच्या घटकाचा अभ्यास करीत होते. १९८५ मध्ये स्पष्ट झाले की कॅकेक्टिन आणि टीएनएफ ही एकाच प्रथिनाची दोन नावे आहेत. त्याला प्रतिपिंडांनी अडविल्यास जंतुविष टोचलेले उंदीर मोठ्या प्रमाणात वाचतात, हेही त्याच वर्षी दाखविण्यात आले. ज्याला औषध समजले गेले होते, तेच शरीराला घातक ठरू शकते, असा हा उलटफेर होता.

टीएनएफ स्वतः ऊतींना ओरबाडत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते आणि पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. १९८६ मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेले ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन या साखळीतील महत्त्वाची कडी आहे. ते पेशीकेंद्रात जाऊन दाहाशी संबंधित अनेक जनुके जागी करते. परिणामी रक्तवाहिन्यांचे अस्तर पांढऱ्या पेशींना अडवून ऊतीत येऊ देते, त्या पेशी आणखी सायटोकाइने सोडतात आणि आतड्याच्या अस्तराची घट्ट वीण सैल होते. सैल झालेल्या अस्तरातून जंतूंचे अंश आत शिरतात व नवे निरोप सुटतात. निरोगी शरीरात हे चक्र काम संपताच थांबते. दाहक विकारांत ते थांबत नाही.

ॲम्स्टरडॅमपासून मान्यतेपर्यंत

१९९० मध्ये लंडन येथे टॉम मॅकडोनाल्ड व सहकाऱ्यांना रुग्णांच्या आतड्यांत टीएनएफ स्रवणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. १९९२ मध्ये रुग्ण मुलांच्या विष्ठेतही हे प्रथिन मोजले गेले. मात्र एखादी गोष्ट दाहाच्या जागी सापडणे आणि तिने दाह घडविणे यांत अंतर असते. ते मिटविण्यासाठी प्रथिन अडवून पाहणे आवश्यक होते.

त्याचे साधन वेगळ्याच हेतूने तयार झाले होते. १९७५ मध्ये जॉर्जेस कोलर व सीझर मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्यावर नेमकी बसणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे बनविण्याची पद्धत शोधली. न्यूयॉर्क विद्यापीठातील यान विल्चेक व जुनमिंग ली यांनी या पद्धतीने टीएनएफविरोधी प्रतिपिंड तयार केले आणि सेंटोकोर या कंपनीने त्यातील उंदराच्या प्रथिनाचा बराचसा भाग मानवी प्रथिनाने बदलला. पुढे त्याला ‘इन्फ्लिक्सिमॅब’ हे नाव मिळाले. रक्तातील तीव्र जंतुसंसर्गावर ते चालावे ही अपेक्षा होती, परंतु टीएनएफ अडविण्याच्या उपायाने तेथे निराशा केली. लंडनमध्ये मार्क फेल्डमान व रविंदर मैनी यांनी १९९२ पासून ते संधिवाताच्या रुग्णांना दिले आणि लक्षणीय गुण आला.

१९९३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. इतर उपायांना दाद न देणारा तिचा क्रोनचा विकार या प्रतिपिंडाने आटोक्यात आला. १९९५ मध्ये त्याच शहरातील दहा रुग्णांपैकी आठ जणांत चार आठवड्यांत लक्षणे शमली व व्रण भरले. १९९७ मध्ये स्टीफन टारगन व सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम मात्रा घेतलेल्या गटात चार आठवड्यांनी ८१ टक्के रुग्णांना गुण आला; निष्क्रिय द्रावण घेतलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोनच्या विकारासाठी या औषधाला मान्यता मिळाली. १९९९ मध्ये अथेन्स येथील जॉर्ज कोलियस यांच्या गटाने उलट बाजूनेही पुरावा दिला. ज्या उंदरांत टीएनएफची निर्मिती आवरणारा जनुकीय भाग काढून टाकला होता, त्यांना क्रोनसारखा आंत्रदाह झाला.

रुग्णाच्या स्वभावावरील जुना ठपका या घटनाक्रमाने खऱ्या अर्थाने पुसला गेला. ज्या व्रणांचे मूळ दडपलेल्या रागात शोधले जात होते, ते एका प्रथिनाला अडविल्यावर काही आठवड्यांत भरून येऊ लागले.

क्षयरोगाचा इशारा

यशाच्या पाठोपाठ धोक्याची घंटा वाजली. २००१ मध्ये जोसेफ कीन व सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांत क्षयरोग उद्भवल्याचे नोंदविले. त्यांपैकी ४० जणांचा क्षय फुप्फुसांबाहेर पसरलेला होता आणि बहुतेकांना तो तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतर झाला होता.

याचे कारण प्रयोगशाळेत आधीच दिसलेले होते. क्षयाचा जंतू शरीरात शिरल्यावर भक्षक पेशी त्याच्याभोवती कडे करून गाठ तयार करतात. तिला ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. या बंदिवासात जंतू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. १९८९ मध्ये जिनिव्हा येथील संशोधकांनी दाखविले होते की बीसीजीचा संसर्ग दिलेल्या उंदरांत टीएनएफ अडविल्यास या गाठी नीट बनत नाहीत आणि बनलेल्या विस्कटतात. म्हणजे आतड्यात उपद्रवी ठरणारे प्रथिन फुप्फुसात पहारेकऱ्याचे काम करीत होते. हे ज्ञान बारा वर्षे उपलब्ध असूनही त्याचे गांभीर्य रुग्णांच्या आजारातूनच अधोरेखित व्हावे, हा या इतिहासातील सर्वांत कठोर धडा होय. त्यानंतर उपचारापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व मांटू यांसारख्या चाचण्यांनी सुप्त क्षयाचा शोध घेण्याची प्रथा रूढ झाली.

अपयशांनी दिलेली शिकवण

एक प्रथिन सापडले म्हणजे कोडे सुटले नाही. एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफला बांधते व संधिवातात गुण देते, परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रोनच्या विकारावर ते निष्प्रभ ठरले. रक्तात तरंगणारे टीएनएफ टिपणे पुरेसे नसून पेशींच्या पृष्ठभागावरील टीएनएफलाही लक्ष्य करावे लागते, असे स्पष्टीकरण त्यातून पुढे आले.

इंटरल्यूकिन-१० ची कथा याहून बोलकी आहे. १९९३ मध्ये कोलोन येथे या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना जीर्ण आंत्रदाह झाला. हे दाह आवरणारे प्रथिन रुग्णांना बाहेरून दिल्यास रोग शमेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. मात्र २००० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अपेक्षित यश आले नाही. तरीही मूळ निरीक्षण चुकीचे नव्हते. २००९ मध्ये अगदी तान्ह्या वयात तीव्र आंत्रदाह झालेल्या काही बालकांत इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीत जनुकीय दोष सापडला आणि मूलपेशी रोपणाने एका बालकाचा रोग आटोक्यात आला.

इंटरल्यूकिन-१२ च्या बाबतीत श्रेयच चुकीच्या नावावर जमा झाले होते. हे प्रथिन दोन साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी एक साखळी इंटरल्यूकिन-२३ या दुसऱ्या प्रथिनातही असल्याचे २००० मध्ये उघड झाले. २००४ मध्ये या सामायिक साखळीविरुद्धच्या प्रतिपिंडाने क्रोनच्या रुग्णांना गुण दिला. दोहोंपैकी कोणाला अडविल्याचा हा परिणाम, हा प्रश्न उरला. २००६ मध्ये रिचर्ड ड्युअर व सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राहीच्या जनुकातील फरक या रोगाशी निगडित असल्याचे दाखविले. सामायिक साखळीला अडविणारे उस्टेकिनुमॅब २०१६ मध्ये आणि केवळ इंटरल्यूकिन-२३ ला अडविणारे रिसांकिझुमॅब २०२२ मध्ये अमेरिकेत क्रोनच्या विकारासाठी मान्य झाले. याउलट, इंटरल्यूकिन-२३ शी जवळचा संबंध असलेल्या इंटरल्यूकिन-१७ ला अडविणारे औषध २०१२ च्या चाचणीत उपयोगी पडले नाही व काही रुग्णांत रोग बळावला. आतड्याच्या अस्तराचे रक्षण करण्यातही या प्रथिनाचा वाटा असतो, हे त्यामागचे कारण मानले जाते.

भारतीय संदर्भ

हे रोग पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे विरळा, असा समज भारतात दीर्घकाळ होता. रक्ती आव म्हणून अनेक रुग्णांची बोळवण होत असे. २००३ मध्ये लुधियानाचे अजित सूद व सहकाऱ्यांनी पंजाबातील ५१,९१० व्यक्तींच्या पाहणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्रणयुक्त बृहदांत्रदाहाचे प्रमाण दर लाखास ४४.३ आढळले आणि या समजाला धक्का बसला.

भारतातील खरी अडचण निदानाची आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा विकार दोन्ही लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी आढळतात, दोन्हींत ग्रॅन्युलोमा दिसू शकतात आणि दोन्हींत रुग्ण खंगतो. क्रोन व सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये कागदावर आखलेली सीमारेषा येथील वैद्याला प्रत्येक रुग्णात नव्याने आखावी लागते. चूक झाल्यास किंमत मोठी आहे. क्रोनला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली, तर आतडे अरुंद होत जाते. क्षयाला क्रोन समजून टीएनएफ अडविले, तर क्षय अंगभर पसरू शकतो.

दुसरा प्रश्न परवडण्याचा आहे. विल्चेक यांनी इन्फ्लिक्सिमॅबच्या स्वामित्वधनातून २००५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाला साडेदहा कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. या औषधाच्या विक्रीची व्याप्ती त्यावरून ध्यानी येते. हीच बाब किमतीच्या ओझ्याचीही सूचक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने टीएनएफविरोधी अडालिमुमॅबची जगातील पहिली समरूप आवृत्ती बाजारात आणली. त्यामुळे अंतर काहीसे कमी झाले, तरी आयुष्यभराच्या आजारावरील महागडा उपचार सामान्य कुटुंबाला आजही जड जातो.

निष्कर्ष

१. आतड्यांच्या दाहक विकारांच्या कारणमीमांसेत प्रत्येक काळाने आपल्या उपलब्ध साधनांना दिसेल तो आरोपी निवडला. त्याची सर्वांत मोठी झळ रुग्णालाच सोसावी लागली.
२. टीएनएफला मिळालेली नावे कर्करोग व शरीराचे खंगणे यांच्या अभ्यासातून आली. त्याचे प्रभावी उपयोग मात्र संधिवात व आतड्यांच्या रोगांत सापडले. प्रथिनाच्या नावावरून त्याचे कार्य ठरविणे दिशाभूल करणारे ठरते.
३. टीएनएफ अडविल्यावरही सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीपासूनच पुरेसा गुण येत नाही. इंटरल्यूकिन-१० व १७ यांच्या चाचण्याही अपयशी ठरल्या. दाह हा एका प्रथिनाचा गुन्हा नसून बिघडलेला संवाद आहे, असे यावरून म्हणता येते.
४. एकाच निरोपाचा अर्थ जागेनुसार बदलतो. आतड्यात दाह वाढविणारे टीएनएफ फुप्फुसात क्षयजंतूला जखडून ठेवते. ज्या देशात सुप्त क्षय घरोघरी आहे, तेथे हे तत्त्व उपचाराची पहिली अट ठरते.

निरोप्याला गप्प केल्याने निरोप धाडणाऱ्याचा शोध लागत नाही. आतड्यातील असंख्य जंतू, जनुकीय घडण आणि प्रतिकारसंस्था यांच्यातील संवाद कोणत्या क्षणी बिनसतो, हा प्रश्न आजही उभा आहे. रोगाचे खापर फोडण्याची घाई जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा ज्ञानाची वाट लांबली, हे लक्षात घेऊन पुढील संशोधन व्हावयास हवे.